किंडल पेपरव्हाइट: कोकणातल्या पावसाळ्यात डिस्टोपिया वाचायला घेतलेलं यंत्र

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. वाचायला पाच, मालकी हक्काला तीन, मिळून चार. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथेच थांबले तरी चालेल, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण पुढे विषयाला भरपूर फाटे फुटणारेत.

आम्ही देवगड साईडला राहतो. इथे जून ते सप्टेंबर कागदाचं काय होतं ते मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही. डांबरगोळ्या टाका, कडुलिंबाचा पाला घाला, कपाटात बल्ब पेटता ठेवा, तरी गणपतीच्या साफसफाईला कपाट उघडलं की पुठ्ठ्यांवर बुरशी आलेली असतेच आणि पानं फुगून पुस्तक मिटत नाही. त्यात पाऊस धरला की लाईट जाणार, मग इन्व्हर्टर आधी फ्रिजला की आधी पंख्याला यावरून घरात वाद, त्यात माझ्या वाचायच्या दिव्याचा नंबर लागायचाच नाही. म्हणून किंडल घेतलं, म्हणजे अ‍ॅमेझॉन कंपनीचं ई-बुक वाचायचं यंत्र. माझं २०२१ चं पेपरव्हाइट आहे, ६.८ इंचाचं, निघालं तेव्हा १३,९९९ ला होतं. त्यानंतर नवीन मॉडेल आलंय, स्क्रीन थोडी मोठी आहे, पण मी लिहितोय त्यातलं बरंचसं त्यालाही लागू पडेल.

स्क्रीन मोबाईलसारखी डोळ्यात घुसत नाही, कागदासारखीच दिसते, आणि रात्री उजेड पिवळसर करता येतो. बॅटरी कंपनी म्हणते दहा आठवडे, पण त्यांचा हिशोब रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असा आहे, आषाढातल्या मुक्कामी पावसात कोण अर्धा तास वाचून थांबतो? तरी लाईट नसलेल्या दिवसांत ह्याची काळजी करावी लागत नाही एवढं नक्की. पाण्याचं म्हणाल तर गोड्या पाण्यात दोन मीटर खोल एक तास आणि समुद्राच्या पाण्यात पाव मीटर खोल फक्त तीन मिनिटं असं कंपनीने छापलंय. आपल्या कामाचा आकडा दुसरा, म्हणजे होडीत बसून वाचायचं धाडस करू नका. डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तकंही किंडलवर मिळतात, जोडाक्षरं नीट दिसतात, अक्षर मोठं करता येतं त्यामुळे वडील पण वाचतात. शेजारच्या काकी एकदा लाईट नसताना डोकावल्या आणि म्हणाल्या, "काय रे, काळोखात त्या पाटयेत काय बघतंस? डोळे जातले मरे!" पाटी हे नाव आमच्या घरात तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच.

आता ह्यात वाचलं काय, तर डिस्टोपिया. म्हणजे ज्या कादंबऱ्यांमध्ये एक भयंकर शिस्तीचा समाज असतो आणि वरून कोणीतरी सगळ्यांना चालवत असतं तसल्या. लिस्टवर बरीच वर्षं होत्या, पावसाळ्यात एकामागोमाग संपवल्या. आणि वाचता वाचता असं झालं की पुस्तक आणि पाटी वेगळे काढता येईनात. कारण ह्या यंत्राचा आणि ह्या विषयाचा एक जुना किस्सा आहे जो विकत घ्यायच्या आधी प्रत्येकाला माहीत पाहिजे.

जुलै २००९, अमेरिका. लोकांनी पैसे देऊन किंडलवर घेतलेली काही पुस्तकं एका दिवशी त्यांच्या यंत्रातून आपोआप गायब झाली. कंपनीनेच दूर बसून उडवली आणि पैसे परत केले. पुस्तकं कुठली? जॉर्ज ऑर्वेलचं १९८४ आणि अ‍ॅनिमल फार्म! खोटं वाटतं ना, मलाही वाटलं होतं, पण खरं आहे. ज्याने ती स्टोअरवर टाकली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, म्हणून काढली. मिशिगनमधला एक शाळकरी पोरगा अभ्यासासाठी १९८४ वाचत होता, त्याने लिहिलेल्या नोट्स निरुपयोगी झाल्या कारण ज्या पानांवरच्या त्या होत्या ती पानंच राहिली नाहीत. तो कोर्टात गेला, कंपनीने दीड लाख डॉलरवर मिटवलं, आणि अ‍ॅमेझॉनचा तेव्हाचा मुख्य जेफ बेझोस याने जाहीर माफी मागितली. ज्या कादंबरीचा हिरो सरकारी खात्यात बसून जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करतो आणि नको ते कागद भिंतीतल्या भोकात टाकून जाळायला पाठवतो, तीच कादंबरी लोकांच्या हातातून अशी गेली. कुठल्या लेखकाने हे रचलं असतं तर आपणच म्हटलं असतं की फारच ओढूनताणून आहे बुवा.

ह्यात मला जे महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. तिथे कोणीही दुष्ट नव्हतं. हक्कांचा घोळ होता, तक्रार आली, कोणीतरी नियमाप्रमाणे बटण दाबलं, पैसेही परत दिले. पण बटण होतं हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. ह्या सगळ्या कादंबऱ्या सलग वाचून माझं जे काय मत झालंय ते एवढंच की कंट्रोल कोणी नवीन आणून बसवत नाही, आपण सोयीसाठी घरात घेतलेल्या वस्तूत, सवयीत, नात्यात तो आधीच असतो, फक्त एखाद्या दिवशी कोणीतरी तो वापरतो.

आणि हक्कांचं म्हणाल तर आपल्याकडे कायदा वेगळा आहे. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये गेला, म्हणजे २०११ पासून १९८४ आपल्याकडे मोकळं आहे, अमेरिकेत मात्र २०४४ पर्यंत बंद. हक्सले १९६३ च्या नोव्हेंबरात गेला, त्याचं ब्रेव्ह न्यू वर्ल्ड २०२४ पासून मोकळं. म्हणजे देवगडात बसून जे पुस्तक मी फुकट आणि कायदेशीर उतरवतो त्याच्यासाठी तिकडे पैसे मोजावे लागतात. असा फायदा आपल्याला कमी वेळा होतो, घेऊन टाका.

१९८४ बद्दल सगळ्यांना बिग ब्रदर, म्हणजे त्यातला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा, माहीत असतो, न वाचलेल्यांनाही. पण वाचताना अंगावर येतात त्या बारीक गोष्टी. टेलिस्क्रीन, म्हणजे भिंतीवरचा टीव्ही, उलट आपल्यालाच बघतो हे ठीक, पण हिरो विन्स्टनला तो पूर्ण बंद करता येत नाही, आवाज फक्त कमी करता येतो, आणि वरच्या वर्तुळातल्या ओब्रायनला मात्र थोडा वेळ बंद करायची सवलत असते. सत्ता कोणाकडे आहे हे ओळखायची खूण हीच, कोणाला बंद करता येतं? मी तिथे थांबलो आणि पाटीचा एअरप्लेन मोड लावला, लागला, म्हणजे मी अजून ओब्रायनच्या बाजूला आहे असं म्हणून समाधान करून घेतलं. (मोड लावल्यावर नवीन पुस्तक येत नाही हे वेगळं.)

दुसरी गोष्ट चॉकलेटची. रेशन ३० ग्रॅमवरून २० वर आणतात, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की रेशन वाढवून २० केल्याबद्दल लोकांनी मोर्चे काढून आभार मानले. शेजारी बसलेले गिळतात पण ते! चोवीस तासांत! ह्यावर मी काही बोलत नाही, ग्रुपवर रोज सकाळी काय काय फिरतं ते तुम्हीही बघता.

आणि तिसरी, जी फार कोणी सांगत नाही. त्या देशातले ८५ टक्के लोक, ज्यांना तिथे प्रोल्स म्हणतात, त्यांच्यावर जवळजवळ कोणाचं लक्षच नाही. बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीन पण नाही. त्यांना लॉटरी आहे, बिअर आहे, मशीनवर लिहिलेली गाणी आणि कादंबऱ्या आहेत, आणि लॉटरीतली मोठी बक्षिसं लागणारी माणसं मुळात अस्तित्वातच नसतात. म्हणजे सगळा पहारा आहे तो लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आणि ऑफिसात काम करणाऱ्यांवर, बाकीच्यांसाठी पहाऱ्याची गरजच पडलेली नाही.

आता पाटीची गंमत बघा. किंडलमध्ये एखाद्या वाक्याखाली बारीक ठिपक्यांची रेघ दिसते आणि लिहिलेलं असतं की इतक्या जणांनी हे हायलाइट केलंय. बंद करता येतं सेटिंगमध्ये, केलं. पण म्हणजे कोण कुठे रेघ मारतंय हे कुठेतरी जमा होतंच ना. तुम्ही कुठल्या पानावर थांबलात हेही जातं, त्याशिवाय मोबाईलवर तेच पान कसं उघडेल? मला ही सोय आवडते, खोटं कशाला बोला.

जरा विषयांतर. रत्नागिरीला थिबा पॅलेस बघितला असेल तुम्ही. ब्रह्मदेशाचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी मंडालेहून उचलला आणि १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला, १९१६ ला इथेच गेला. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८ ला कुठे पाठवलं, तर मंडालेला. आणि १९२२ मध्ये पोलीस अधिकारी व्हायचं ट्रेनिंग घ्यायला एक एकोणीस वर्षांचा इंग्रज पोरगा कुठे गेला, तर मंडालेलाच. तो ऑर्वेल, खरं नाव एरिक ब्लेअर, जन्म बिहारमधल्या मोतिहारीचा, वडील सरकारी अफू खात्यात. पाच वर्षं त्याने ब्रह्मदेशात पोलिसाची नोकरी केली आणि मग सोडली. लोक म्हणतात त्याने रशिया बघून लिहिलं, ते बरोबरच आहे, पण माणसाला नजरेखाली कसं ठेवतात हे तो पगार घेऊन शिकला होता. थिबा पॅलेस दिसायला मस्त आहे, समुद्र दिसतो, आणि तो तुरुंगच होता, राजाला परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. सुंदर तुरुंग ही आयडिया पुढच्या पुस्तकात आहे.

ते हक्सलेचं, १९३२ चं. ऑर्वेल शाळेत असताना हक्सलेने त्याला काही काळ फ्रेंच शिकवलं होतं, आणि १९८४ आल्यावर ऑक्टोबर १९४९ मध्ये ह्याच मास्तरांनी शिष्याला पत्र लिहून साधारण असं कळवलं की पुस्तक छान आहे पण राज्यकर्त्यांना दंडुक्यांपेक्षा लोकांना गुलामी आवडायला लावणं जास्त स्वस्त पडेल. मास्तर लोक निकाल लावायचं सोडत नाहीत!

ब्रेव्ह न्यू वर्ल्डमध्ये मारहाण नाही, लोकांना खुश ठेवणारी सोमा नावाची गोळी आहे. पण मला त्यातला जो भाग डोक्यातून जात नाही तो सुरुवातीचाच. आठ महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत पुस्तकं आणि गुलाब ठेवतात, बाळं रांगत जाऊन हात लावतात आणि तेवढ्यात भोंगा वाजवून त्यांना विजेचा झटका देतात. कामगार वर्गाच्या मुलांना पुस्तक नको हे समजतं, पण फुलं कशाला? तर फुलं फुकट असतात. निसर्गाच्या प्रेमावर कारखाने चालत नाहीत. आधी म्हणे त्यांना निसर्गाची गोडी लावत होते कारण गाडीभाडं खर्च होईल, मग लक्षात आलं की लोक जाऊन नुसतेच बसतात, काही विकत घेत नाहीत. म्हणून निसर्गाची नावड शिकवायची आणि महागडं सामान लागणारे मैदानी खेळ आवडायला लावायचे, म्हणजे भाडं पण आणि सामान पण.

हे वाचून मी हसत सुटलो कारण मे महिन्यात तारकर्ली-मालवणला या तुम्ही. जेटस्की, बनाना राईड, पॅरासेलिंग, पॅकेज, पॅकेजमध्ये फोटो. किनाऱ्यावर नुसता बसलेला माणूस दिसला तर दोन जण येऊन विचारतात, सर राईड घेणार काय? आमच्याच पोरांची पोटं आहेत त्यावर, मी नावं ठेवत नाहीये, माझा भाऊ पण सीझनला तेच करतो. पण १९३१ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बसून लिहिणाऱ्या माणसाला हे दिसलं होतं ह्याचं नवल वाटतं.

फॅरनहाइट ४५१ मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं कारण वाटायचं आपल्याला कथा माहीत आहे, फायरब्रिगेडवाले आग विझवायच्याऐवजी पुस्तकं जाळतात वगैरे. १९५३ चं. ब्रॅडबरीने विद्यापीठाच्या लायब्ररीच्या तळघरात भाड्याच्या टाइपरायटरवर लिहिलं, अर्ध्या तासाला दहा सेंट भाडं. पण आतला खरा बॉम्ब फायर चीफ बीटीच्या तोंडी आहे. तो सांगतो की हे सरकारने सुरू केलं नाही. लोकांनी आधी स्वतःच वाचणं सोडलं, पुस्तकं छोटी छोटी होत गेली, कोणालाच कशाने राग यायला नको म्हणून सगळं गुळमुळीत झालं, आम्ही जाळायला नंतर आलो. हिरोच्या बायकोच्या कानात सतत शिंपल्याएवढे रेडिओ आणि घरात तीन भिंती भरून टीव्ही, आणि तिची तक्रार काय तर चौथी भिंत कधी घेणार?

इथे कागदवाल्यांनी खुश होऊ नये. ह्याच पुस्तकाची शाळांसाठी काढलेली आवृत्ती प्रकाशकाने १९६७ पासून शिव्याबिव्या काढून, बदल करून छापली, आणि ७३ पासून काही वर्षं बाजारात तीच एक विकली जात होती, लेखकाला पत्ता लागला १९७९ मध्ये. सेन्सॉरशिपवरचं पुस्तक गुपचूप सेन्सॉर! आणि ते कागदावर. फरक एवढाच की जुनी प्रत ज्याच्या कपाटात होती त्याची बदलली नाही. ई-बुकची बदलू शकते. म्हणून खरेदी केल्यावर पहिलं काम, अकाउंटमध्ये जाऊन पुस्तकं आपोआप अपडेट होण्याचा पर्याय बंद करा. प्रेफरन्सेसमध्ये सापडेल, थोडं शोधावं लागतं.

मार्गारेट अ‍ॅटवुडच्या हँडमेड्स टेलबद्दल (१९८५) खूप लिहिता येईल पण मी एकच प्रसंग सांगतो. नवीन राजवट येते तेव्हा नायिकेला कसं कळतं? नेहमीच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते, कार्डचा नंबर चालत नाही. परत टाकून बघतात, चालत नाही. त्याच दिवशी ऑफिसातून सगळ्या बायकांना घरी पाठवतात. संध्याकाळी मैत्रीण सांगते की सगळ्या बायकांची खाती गोठवलीत, पैसे आता नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुषाच्या ताब्यात. रोख रक्कम आधीच बंद झालेली होती, सगळा व्यवहार कॉम्प्युटरवर, प्रत्येक खात्याला बाई की पुरुष हा शिक्का, त्यामुळे एका फटक्यात काम झालं. आणि नवरा चांगला असतो हो, म्हणतो मी आहे ना, मी बघेन तुझं. तिला त्याच वाक्याची भीती वाटते. १९८५ मध्ये लिहिलंय हे! आता आमच्याकडे मासळी बाजारात टोपलीला क्यूआर कोड टांगलेला असतो, मी पण सुरमईचे पैसे तसेच देतो, सुट्ट्यांची कटकट गेली म्हणून मावशी पण खुश आहेत. त्या मावशींचं खातं मात्र मुलाच्या मोबाईलवर आहे. असो.

आता एवढं सगळं यंत्रांवर बोललो पण खरं सांगायचं तर कोकणातल्या माणसाला ह्यातलं काही नवीन नाही. रशियन लेखक झम्यातिनच्या वुई मध्ये (१९२०-२१ मध्ये लिहिलेली, त्याच्या स्वतःच्या देशात १९८८ ला छापली गेली) सगळी घरं काचेची असतात, पडदे ओढायला परवानगीची चिठ्ठी लागते, आणि माणसांना नावाऐवजी नंबर. वाडीत काच लागत नाही. कोणाच्या घरी कोण आलं, किती वाजता गेलं, कोणाच्या चुलीवर शनिवारी काय शिजलं, पडवीत बसल्याबसल्या कळतं. आणि कळण्यापर्यंत ठीक आहे, अडीअडचणीला तेच लोक धावून येतात, पण त्याच गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकलं की काय होतं ते रायगड-रत्नागिरीकडच्या बातम्यांत आपण वाचलंय. बोलायचं नाही, दुकानातून सामान नाही, मयताला खांदा नाही. कुठलाही टेलिस्क्रीन नाही, पगारी पोलीस नाही, फक्त सगळ्यांनी ठरवलंय आणि न पाळणाऱ्यालाही तीच भीती. ह्याच्यावर राज्याला २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला, सामाजिक बहिष्काराविरोधातला, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशी डिस्टोपियात हा प्रकार कमी सापडतो, तिथे माणूस एकटा आणि समोर सरकार, आपल्याकडे समोर चुलते असतात.

एक पुस्तक मात्र जवळचं वाटलं, योको ओगावाचं द मेमरी पोलीस, जपानीतलं १९९४ चं, इंग्रजीत २०१९ ला आलं. एक बेट आहे, तिथून एकेक वस्तू नाहीशी होते, पक्षी, गुलाब, फोटो, आणि लोक त्या वस्तू विसरतात, ज्यांना आठवतं त्यांना पोलीस घेऊन जातात. कारण शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, कोणाचा फायदा तेही नाही. काहींना हे आवडणार नाही, मला सगळ्यात जास्त हेच टोचलं, की वस्तू गेल्यावर लोक दोन दिवस हळहळतात आणि मग त्याशिवाय राहायला लागतात. आमच्या आजीच्या पिढीला मुंबईची बोट आठवते, भाऊच्या धक्क्यावरून निघून बंदरं घेत घेत खाली येणारी. आता धक्क्यावर बसलेल्या पोरांना सांगितलं तर म्हणतात, बोट? इथे? प्रवासी?

असो, रिव्ह्यूवर येतो.

विकत घेताना समजून घ्या की किंडल स्टोअरमध्ये पुस्तक घेतलं म्हणजे वाचायचं लायसन्स घेतलं, पुस्तक नाही. आधी वेबसाईटवरून विकत घेतलेली फाईल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवता यायची, २६ फेब्रुवारी २०२५ पासून ती सोय कंपनीने काढून टाकली. म्हणून माझी पद्धत अशी, जी पुस्तकं हक्कमुक्त आहेत ती फुकटच्या अधिकृत साईटवरून उतरवायची, कॅलिबर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे त्यात फॉरमॅट बदलायचा, वायरने पाटीत टाकायची, आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर. नवीन लेखकांची स्टोअरवरून घ्यायची, त्यातलं जे खरंच आवडलं ते कागदावर, बुरशी लागली तर लागली. कणकवलीला किंवा रत्नागिरीला गेलात की दुकानात जाऊन घ्या, दुकानदारापाशी तुम्ही कितव्या पानावर झोपलात ह्याची नोंद राहत नाही.

कोणी घ्यावं? लाईटचा भरवसा नसलेल्यांनी, चष्म्याचा नंबर वाढलेल्यांनी, जागा नसलेल्यांनी, बिनधास्त. कॉमिक आणि चित्रांची पुस्तकं वाचणाऱ्यांनी नको, रंग नाहीत. पोरांना अभ्यासाच्या पीडीएफसाठी पण नको, ६.८ इंचावर अक्षर मुंगीएवढं होतं.

कव्हर मात्र लगेच घ्या, चुंबकवालं, उघडलं की चालू होतं. पावसात पाटी ओली झाली तर चार्जिंगचं भोक पूर्ण सुकल्याशिवाय वायर लावू नका, आणि किनाऱ्यावर नेणार असाल तर झिपच्या पिशवीतच न्या, त्या पाण्याच्या आकड्यांत वाळूचं काहीच लिहिलेलं नाहीये.